नोकरीचा करार आणि अन्याय्य बडतर्फी

एकाच शहरातील तीन व्यक्तींना एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या खोट्या आरोपावरून नोकरीतून काढून टाकण्यात आले, असे क्षणभर समजू. पहिली व्यक्ती सरकारी कचेरीतील कारकून, दुसरी कारखान्यातील फिटर आणि तिसरी एका खाजगी व्यापारी कंपनीचा विभागीय व्यवस्थापक. तिघांपैकी कोणालाही आरोपपत्र मिळालेले नाही. कोणाचेही म्हणणे ऐकून घेतले गेलेले नाही. झालेला अन्याय तिघांच्या बाबतीत सारखाच आहे. तथापि हे तिघे न्यायासनापुढे गेले, तर त्यांना मिळणारी दाद मात्र सारखी असणार नाही. कारकुनाची बडतर्फी मुळातच शून्य ठरून तो नोकरीतून कधी गेलाच नव्हता असे मानले जाईल; फिटरला कामावर परत घेण्याचा हुकूम होऊ शकेल; व्यवस्थापकाला मात्र, त्याची बाजू संपूर्णपणे शाबीत झाली तरी, बहुधा नोटिशीच्या मुदतीचा पगार तेवढा मिळेल.

हा भेद अन्यायाच्या कमीअधिकपणातून उत्पन्न झालेला नाही. नोकरी म्हणजे काय, या प्रश्नाला कायद्याने वेगवेगळ्या काळी जी वेगवेगळी उत्तरे दिली, त्यांतून तो उत्पन्न झाला आहे. नोकरी हा केवळ दोन पक्षांमधील करार मानला, तर अन्याय्य बडतर्फी हा करारभंग ठरतो, आणि करारभंगाचे मोल पैशात मोजले जाते. नोकरी हा कायद्याने दिलेला दर्जा मानला, तर तो दर्जा कायद्याने सांगितलेल्या रीतीनेच नष्ट होऊ शकतो; अन्य रीतीने केलेली बडतर्फी ही कायद्याच्या दृष्टीने बडतर्फीच नव्हे. या दोन कल्पनांमध्ये मोठे अंतर आहे. भारतीय कायद्याने ते कोणाच्या बाबतीत आणि कितपत ओलांडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. नोटिशीच्या पगाराचा नियम

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात नोकरीच्या कराराविषयी स्वतंत्र प्रकरण नाही. त्यामुळे नोकरीच्या करारालाही कलम ७३ मधील सर्वसाधारण नियमच लागू होतो. करार मोडल्यामुळे स्वाभाविकपणे जे नुकसान होते, त्याची भरपाई करार मोडणाऱ्याने द्यावी, असा हा नियम आहे. तो ऐकावयास न्याय्य वाटतो. परंतु नोकरीच्या बाबतीत तो लावू लागताच त्यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो.

बेमुदत नोकरीच्या करारात सामान्यतः एक किंवा तीन महिन्यांच्या नोटिशीने करार संपविण्याची मुभा उभयपक्षी असते; अशी अट नसल्यास वाजवी मुदतीची नोटीस गृहीत धरली जाते. म्हणजे मालकाला नोकराला काढून टाकण्याचा अधिकार कराराने आधीच दिलेला असतो. त्याने काढून टाकले, यात करारभंग नसतो. नोटीस न देता काढून टाकले, यात तो असतो. मग नोकराचे नुकसान ते किती? नोटीस दिली असती तर त्या मुदतीत जेवढा पगार मिळाला असता, तेवढेच. प्रतिवादीने करार पाळला असता तर तो स्वतःला कमीत कमी ओझे पडेल अशाच रीतीने पाळला असता, असे कायदा गृहीत धरतो. वीस वर्षे इमानाने नोकरी केलेल्या मनुष्याच्या नुकसानीचे मोजमाप अशा रीतीने तीन महिन्यांच्या पगारावर येऊन थांबते.

करार ठरावीक मुदतीचा असेल आणि मध्येच संपविण्याची अट त्यात नसेल, तर उरलेल्या मुदतीचा पगार मागता येतो. परंतु तेथेही कलम ७३ चे स्पष्टीकरण आडवे येते. नुकसान कमी करण्याची जी साधने उपलब्ध होती, ती नुकसानभरपाई ठरविताना विचारात घ्यावयाची असतात. म्हणून बडतर्फ नोकराने दुसरी योग्य नोकरी शोधण्याचा प्रयत्न करावा, अशी अपेक्षा केली जाते, आणि तिच्यातून मिळालेली रक्कम भरपाईतून वजा होते.

याखेरीज आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. गंभीर गैरवर्तन, हुकूम मोडणे, अप्रामाणिकपणा अशा कारणांसाठी नोटीस न देताही नोकराला काढता येते. हे कारण बडतर्फीच्या वेळी मालकाला ठाऊक असलेच पाहिजे, असेही नाही. बोस्टन डीप सी फिशिंग कंपनीच्या प्रकरणात १८८८ साली इंग्लिश न्यायालयाने असे ठरविले की, बडतर्फीनंतर उघडकीस आलेल्या गैरवर्तनाच्या आधारेही मालक आपल्या कृतीचे समर्थन करू शकतो. कराराच्या दृष्टीने हे तर्कशुद्धच आहे, कारण प्रश्न एवढाच असतो की, करार संपविण्यास पुरेसे कारण वस्तुतः होते की नाही. नोकराला ते सांगितले होते का, त्याचे उत्तर ऐकले होते का, हा प्रश्न कराराच्या कायद्यात उद्‌भवतच नाही.

२. कलकत्त्याच्या व्यवस्थापकाचे प्रकरण

या नियमाची कठोरता ज्या निवाड्यात सर्वांत स्पष्टपणे प्रकट झाली, त्याची हकीकत भारतातच घडली होती. ग्रामोफोन कंपनीच्या कलकत्ता येथील व्यवसायाचा व्यवस्थापक अ‍ॅडिस याला आठवड्याला १५ पौंड पगार आणि व्यापारावर कमिशन मिळत असे. सहा महिन्यांच्या नोटिशीने त्याची नोकरी संपविता येत होती. १९०५ च्या ऑक्टोबरात कंपनीने त्याला तशी नोटीस दिली. परंतु त्याच वेळी त्याच्या जागी दुसऱ्याची नेमणूक करून त्याला काम करणे अशक्य केले. तो इंग्लंडला परतला आणि त्याने दावा लावला. ज्यूरीने त्याला अन्याय्य बडतर्फीबद्दल ६०० पौंड देवविले. ही रक्कम सहा महिन्यांच्या पगाराहून कितीतरी अधिक होती.

१९०९ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने नोटिशीच्या मुदतीचा पगार आणि बुडालेले कमिशन एवढ्यापुरताच त्याचा हक्क मान्य केला. बडतर्फी किती अपमानास्पद रीतीने केली गेली, तीमुळे मनाला किती क्लेश झाले, किंवा या पद्धतीने काढले गेल्यामुळे पुढे नोकरी मिळणे किती अवघड झाले, या गोष्टींची भरपाई करारभंगाच्या दाव्यात मिळू शकत नाही, असे बहुमताने ठरले.

या निवाड्यात न्यायाधीशांना व्यवस्थापकाविषयी सहानुभूती नव्हती, असे म्हणता येणार नाही. प्रश्न त्यांनी वापरलेल्या मापाचा होता. धान्य किंवा कापूस यांच्या विक्रीचा करार मोडला असता जे माप वापरावयाचे, तेच त्यांनी मनुष्याच्या उपजीविकेला लावले. बाजारभावातील फरक देऊन कापसाच्या व्यापाऱ्याचे नुकसान भरून निघते, कारण त्याला दुसरा कापूस मिळतो. बडतर्फ मनुष्याला मात्र त्याच बाजारात कलंकित होऊन उभे राहावे लागते. कलंकामुळे होणाऱ्या आर्थिक नुकसानीची भरपाई काही परिस्थितीत मिळू शकते, हे इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनाने मान्य केले, ते १९९७ साली, एका कोसळलेल्या बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या दाव्यात.

३. पारस्परिकता आणि तिचा इतिहास

भरपाई अपुरी असेल तर न्यायालयाने नोकरीच परत का देऊ नये? नुकसानभरपाईऐवजी प्रत्यक्ष करारपालन करून घेण्याच्या दादीसंबंधीचा कायदा, म्हणजे विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, भारतात प्रथम १८७७ साली झाला. पक्षांच्या व्यक्तिगत गुणांवर अवलंबून असलेला करार न्यायालय पाळावयास लावणार नाही, असे त्याच्या २१ व्या कलमात म्हटले होते. १९६३ च्या नव्या अधिनियमाच्या १४ व्या कलमात हे तत्त्व कायम राहिले, आणि २०१८ मध्ये या कलमाची पुनर्रचना झाली तेव्हाही ते गेले नाही.

या तत्त्वामागे तीन कारणे सांगण्यात येतात. मालक व नोकर यांचा संबंध परस्परविश्वासाचा असतो, आणि विश्वास हुकुमाने उत्पन्न करता येत नाही. कामाची दैनंदिन देखरेख न्यायालयाला करता येणार नाही. आणि तिसरे कारण पारस्परिकतेचे : नोकराला सक्तीने कामावर ठेवता येत नाही, तसे मालकावरही नोकर सक्तीने लादता येऊ नये. १८५२ च्या लमली विरुद्ध वॅग्नर या प्रसिद्ध प्रकरणात न्यायालयाने गायिकेला एका नाट्यगृहात गाण्यास भाग पाडले नाही. तिला अन्यत्र गाण्यास तेवढी मनाई केली.

या तिसऱ्या कारणाचा इतिहास तपासला असता मात्र ही पारस्परिकता बऱ्याच उशिरा आलेली दिसते. १८५९ साली ब्रिटिश हिंदुस्थानात कामगारांच्या करारभंगाचा कायदा करण्यात आला. आगाऊ रक्कम घेतलेला कारागीर किंवा मजूर काम सोडून गेला, तर त्याने रक्कम परत करावी किंवा काम पुरे करावे, असा हुकूम मॅजिस्ट्रेट देऊ शकत असे. आणि हा हुकूम न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा होती. दंडसंहितेच्या ४९० व ४९२ या कलमांनीही काही प्रकारच्या सेवेचा करार मोडणे हा गुन्हा ठरविला होता. हा कायदा व ही दोन कलमे रद्द करणारा अधिनियम १९२५ साली झाला. इंग्लंडमध्ये अशी फौजदारी शिक्षा १८७५ मध्येच नाहीशी झाली होती.

म्हणजे सुमारे पासष्ट वर्षे या देशात एकाच कराराचे दोन अर्थ होते. मालकाने तो मोडला तर तो दिवाणी प्रश्न होता, आणि काही पैसे देऊन तो सुटत असे. मजुराने मोडला तर तो तुरुंगाचा प्रश्न होता. ज्या करारपालनाला व्यक्तिगत सेवेच्या बाबतीत न्यायालये हात लावीत नसत, ते मजुराकडून मॅजिस्ट्रेट बिनदिक्कत करून घेत असे. यावरून पारस्परिकतेचे तत्त्व खोटे ठरत नाही. परंतु ज्यांना ते शिकविले जाते, त्यांनी त्याचा हा पूर्वेतिहास विसरता कामा नये.

४. १९४९ चा मुंबईचा निर्णय

कराराच्या चौकटीला पहिला मोठा छेद औद्योगिक कायद्याने दिला. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाखाली मुंबईच्या औद्योगिक न्यायाधिकरणापुढे वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आणि तिचे कर्मचारी यांच्यातील वाद आला. काढून टाकलेल्या कर्मचाऱ्यांना कामावर परत घेण्याची मागणी त्यात होती. न्यायाधिकरणाला असा हुकूम देण्याचा अधिकारच नाही, असा आक्षेप संस्थेने घेतला, आणि हा प्रश्न फेडरल कोर्टापर्यंत गेला. कराराच्या कायद्याच्या दृष्टीने आक्षेप बिनतोड होता. जो हुकूम दिवाणी न्यायालय देऊ शकत नाही, तो न्यायाधिकरणाने का द्यावा?

१९४९ साली न्या. मेहेरचंद महाजन यांनी दिलेल्या निकालपत्रात या प्रश्नाचे उत्तर मिळाले. न्यायाधिकरणाचे काम अस्तित्वात असलेल्या कराराचा अर्थ लावण्यापुरते मर्यादित नाही. औद्योगिक शांततेसाठी आवश्यक तेथे ते पक्षांमध्ये नवे हक्क आणि नवी बंधने निर्माण करू शकते. बडतर्फीतून उद्‌भवलेला वाद हा औद्योगिक वादच होय, आणि त्याचा निकाल करताना पुनःस्थापनेचा, म्हणजे कामावर परत घेण्याचा, हुकूम देण्यास न्यायाधिकरण समर्थ आहे.

या निर्णयाचे महत्त्व एका संघटनेच्या काही कर्मचाऱ्यांपुरते नव्हते. त्याने एक वेगळीच विचारपद्धती मान्य केली. दिवाणी न्यायालय मागे पाहून झालेल्या नुकसानीचा हिशेब करते. न्यायाधिकरण पुढे पाहून संबंध कसे चालावेत ते ठरविते. पहिल्याच्या दृष्टीने नोकरी संपलेली असते व उरतो तो हिशेब. दुसऱ्याच्या दृष्टीने नोकरी टिकविणे हाच न्याय असतो.

अर्थात हा अधिकार मान्य झाला, तरी त्याची कक्षा एकदम विस्तारली नाही. इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या प्रकरणात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, न्यायाधिकरण हे मालकाच्या निर्णयावरील अपील न्यायालय नव्हे. हेतू प्रामाणिक नसणे, कामगाराचा सूड घेणे किंवा अनुचित कामगार प्रथा, नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा मूलभूत चूक, आणि पुराव्याला सर्वस्वी सोडून असलेला निष्कर्ष, या चार परिस्थितींतच ते हस्तक्षेप करील. १९७१ मध्ये अधिनियमात ११-अ हे कलम घालण्यात आले, तेव्हा ही मर्यादा बरीच सैल झाली. आरोप सिद्ध होतो की नाही आणि शिक्षा आरोपाच्या मानाने योग्य आहे की नाही, या दोहोंचा विचार करण्याचा अधिकार त्यामुळे न्यायाधिकरणाला मिळाला. तत्पूर्वी १९६५ च्या दुरुस्तीने एकट्या कामगाराची बडतर्फी, तिच्यामागे संघटना उभी नसली तरी, औद्योगिक वाद मानली जाऊ लागली होती.

याच काळात मुंबईच्या आणखी एका प्रकरणाने या विचाराला बळकटी आणली. जे. जे. रुग्णालय समूहातील दोन वॉर्ड नोकरांना कायद्याने सांगितलेली कपातीची भरपाई न देता कमी करण्यात आले होते. ही भरपाई देणे ही पूर्वअट असून ती न पाळता केलेली कपात अवैध व परिणामशून्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली ठरविले. येथे कायदा केवळ ‘भरपाई द्या’ असे म्हणत नाही. ‘नोकरी संपलीच नाही’ असे म्हणतो.

महाराष्ट्राने १९७१ मध्ये कामगार संघटनांना मान्यता देण्याविषयी व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याविषयी जो कायदा केला, त्याच्या चौथ्या अनुसूचीची पहिली बाब बडतर्फीविषयीच होती. सूडबुद्धीने, उघड उघड खोट्या कारणावरून, रजेशिवाय गैरहजर राहिल्याचा बनावट आरोप ठेवून, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून घाईघाईने, किंवा क्षुल्लक चुकीसाठी पूर्वीची सेवा लक्षात न घेता केलेली बडतर्फी अनुचित प्रथा ठरली. दिवाणी न्यायालयाने ज्या गोष्टी अप्रस्तुत म्हणून दूर ठेवल्या होत्या, नेमक्या त्याच येथे वादाच्या केंद्रस्थानी आल्या.

५. कायद्याने दिलेला दर्जा

दुसरा छेद सार्वजनिक सेवेच्या बाजूने आला. संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकराला, काही अपवाद सोडता, आरोप कळविल्याशिवाय व बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. ही संधी न देता काढलेला हुकूम शून्य असतो. १९६४ साली आग्र्याच्या जिल्हा मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची मांडणी केली, आणि ती आजही अभ्यासाचा प्रारंभबिंदू आहे. व्यक्तिगत सेवेचा करार सामान्यतः पाळावयास लावता येत नाही. या नियमाला तीन अपवाद आहेत : अनुच्छेद ३११ चा भंग करून काढलेला सरकारी नोकर, औद्योगिक कायद्याखाली दाद मागणारा कामगार, आणि कायद्याने घातलेले अनिवार्य बंधन मोडून एखाद्या वैधानिक संस्थेने काढलेला तिचा कर्मचारी.

तिसऱ्या अपवादाची सीमा कोठे, यावर पुढील दहा वर्षे वाद चालला. उत्तर प्रदेश राज्य वखार महामंडळाच्या प्रकरणात १९७० साली न्यायालयाने म्हटले की, महामंडळाने केलेल्या विनियमांचा भंग म्हणजे कराराचा भंग, आणि त्याला दाद भरपाईचीच. १९७३ साली शिरसी नगरपालिकेच्या प्रकरणात मात्र निराळा निकाल लागला. शिरसी हे गाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, आणि मुंबईच्या जिल्हा नगरपालिका कायद्याखाली केलेले नियम तेथे लागू होते. त्या नियमांनी दिलेली बाजू मांडण्याची संधी न देता केलेली बडतर्फी शून्य ठरली. अखेर १९७५ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग, आयुर्विमा महामंडळ आणि औद्योगिक वित्त महामंडळ यांच्या प्रकरणांत घटनापीठाने वैधानिक महामंडळांच्या सेवा-विनियमांना कायद्याचे बळ आहे असे ठरवून १९७० ची भूमिका मागे सारली.

६. मध्ये सापडलेला शिक्षक

वरील तीन अपवादांपैकी कोणत्याही एकात न बसणाऱ्याची अवस्था काय होते, हे खाजगी संस्थांतील शिक्षकांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. उत्तर प्रदेशातील वैश्य डिग्री कॉलेजच्या प्राचार्यांना काढताना विद्यापीठाच्या कायद्यानुसार आवश्यक असलेली कुलगुरूंची संमती घेण्यात आली नव्हती. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, महाविद्यालय चालविणारी समिती कायद्याने निर्माण झालेली नाही. ती स्वतः स्थापन होऊन नंतर काही कायद्यांच्या कक्षेत आलेली आहे. म्हणून ती वैधानिक संस्था नव्हे, आणि प्राचार्यांना कामावर ठेवण्याचा हुकूम देता येणार नाही. १९८८ साली गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेने औद्योगिक कायद्याचा दरवाजा ठोठावला, तेव्हा शिकविणे हे अधिनियमाच्या व्याख्येतील ‘काम’ नसल्यामुळे शिक्षक हा कामगार नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. सरकारी नोकर नाही, वैधानिक संस्थेचा सेवक नाही, कामगारही नाही. अशा शिक्षकाला उरतो तो फक्त करार.

हा पेच न्यायालयांनी नव्हे, विधिमंडळाने सोडविला. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींविषयी महाराष्ट्राने १९७७ चा अधिनियम केला. त्यातील ९ व्या कलमाने बडतर्फ शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, आणि ११ व्या कलमाने न्यायाधिकरण त्याची पुनःस्थापना करून मागील वेतन देववू शकते. या अधिनियमाखालील एका शिक्षिकेच्या प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली एक महत्त्वाचे तत्त्व स्पष्ट केले. बडतर्फी बेकायदा ठरल्यास पूर्ण मागील वेतन हा सामान्य नियम होय. मधल्या काळात आपण अन्यत्र मिळवते नव्हतो असे कर्मचाऱ्याने सांगितल्यावर, तो मिळवता होता हे शाबीत करण्याची जबाबदारी मालकावर येते. कलम ७३ च्या हिशेबात जे ओझे बडतर्फ मनुष्याच्या डोक्यावर होते, ते येथे बऱ्याच अंशी दुसऱ्या पक्षाकडे गेले.

शिक्षकाचे काम अधिनियमापूर्वी जे होते तेच नंतरही राहिले. शाळा चालविणारी संस्थाही खाजगीच राहिली. बदलली ती केवळ कायद्याची दृष्टी. यावरून हे दिसून येते की, करार आणि दर्जा यांतील सीमारेषा नोकरीच्या अंगभूत स्वरूपात नसते. ती कायदा करणाऱ्याने आखलेली असते, आणि त्यालाच ती पुसताही येते.

७. करारातील अटीचीच तपासणी

येथवरचे सर्व मार्ग कराराला वळसा घालून जाणारे आहेत. १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या प्रकरणात मात्र सर्वोच्च न्यायालयाने करारातील अटीवरच बोट ठेवले. या सरकारी कंपनीच्या नियम ९ प्रमाणे कायम कर्मचाऱ्यालाही तीन महिन्यांच्या नोटिशीने किंवा तेवढ्या पगाराने, कोणतेही कारण न देता काढता येत होते. पूर्वीच्या कंपनीचा व्यवसाय या महामंडळाने ताब्यात घेतल्यावर तेथील कर्मचाऱ्यांपुढे ही अट मान्य करणे किंवा नोकरी गमावणे, एवढाच पर्याय होता. न्या. माडॉन यांनी असे प्रतिपादन केले की, जेथे दोन पक्षांच्या सौदाशक्तीत इतकी विषमता असते आणि दुर्बळ पक्षाला सही करण्यावाचून गत्यंतर नसते, तेथे अशी अट करार कायद्याच्या २३ व्या कलमाखाली लोकनीतीच्या विरुद्ध म्हणून शून्य होय. दिल्ली परिवहन महामंडळाच्या प्रकरणात १९९० साली घटनापीठाने बहुमताने अशाच अटीला अवैध ठरविले.

हा विचार पुढे नेला असता, तर लेखाच्या आरंभीच्या व्यवस्थापकालाही त्याचा आधार मिळाला असता. कारण सौदाशक्तीची विषमता काही सरकारी महामंडळांची मक्तेदारी नाही. परंतु हे दोन्ही निर्णय राज्यसंस्थेच्या अंगांविषयीचे होते, आणि संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदातील समतेचे तत्त्व त्यांच्या पाठीशी होते. २००५ साली बिन्नी लिमिटेड या खाजगी कंपनीच्या प्रकरणात न्यायालयाने रिट अर्जावर दाद नाकारली. अट लोकनीतीच्या विरुद्ध आहे की नाही, हा मुद्दा दिवाणी न्यायालयापुढे काढता येईल, एवढीच वाट त्याने मोकळी ठेवली. आणि दिवाणी न्यायालयात गेले की पुन्हा विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे १४ वे कलम उभे राहते.

८. सीमारेषेचे आजचे स्थान

औद्योगिक कायद्याचे संरक्षण कोणाला, हे ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येवर अवलंबून असते. देखरेखीचे काम करणाऱ्यांसाठी १९५६ च्या दुरुस्तीने महिना ५०० रुपये वेतनाची मर्यादा घातली. पुढे ती १,६०० व २०१० साली १०,००० रुपये झाली. १९४७ चा अधिनियम व त्याच्या जोडीचे कायदे यांची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता संसदेने २०२० साली संमत केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली असून तीत हा आकडा १८,००० रुपयांचा आहे. व्यवस्थापकीय व प्रशासकीय काम करणारा मात्र वेतन कितीही असले तरी व्याख्येच्या बाहेरच राहिला आहे.

संहितेतील आणखी दोन गोष्टी या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहेत. स्थायी आदेशांचे प्रकरण तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. १९४६ च्या कायद्यात हा आकडा शंभर होता. म्हणजे कोणते वर्तन गैरवर्तन आणि त्याची चौकशी कशी, हे लिखित व प्रमाणित नियमांनी ठरविले जाण्याचे क्षेत्र आकुंचित झाले. दुसरी गोष्ट, ठरावीक मुदतीच्या नोकरीला संहितेने मान्यता दिली असून मुदत पूर्ण होऊन नोकरी संपणे ही कपात मानली जात नाही. अशा नोकराला मुदतीच्या काळात कायम नोकराइतकेच वेतन व लाभ देण्याचे बंधन आहे, हे खरे. पण ज्या दिवशी मुदत संपते, त्या दिवशी त्याला बडतर्फ करण्याची आवश्यकताच उरत नाही. कॅलेंडर ते काम करते.

न्यायालयांच्या दृष्टिकोनातही काही बदल दिसतो. १९७८ मध्ये हिंदुस्थान टिन वर्क्सच्या प्रकरणात पुनःस्थापना व पूर्ण मागील वेतन हा सामान्य नियम मानला गेला होता. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून, विशेषतः रोजंदारीवरील कामगारांच्या बाबतीत, कपातीच्या वेळी कायदेशीर अटी पाळल्या गेल्या नसल्या तरी पुनःस्थापनेऐवजी एकरकमी भरपाई देण्याकडे अनेक निवाड्यांचा कल झाला. २०१३ च्या वर उल्लेखिलेल्या निर्णयाने जुना नियम पुन्हा ठासून सांगितला. तथापि हे दोन प्रवाह एकमेकांशेजारी वाहत आहेत, हे मान्य केले पाहिजे.

हेन्री मेन या पंडिताने १८६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, प्रगतिशील समाजांची वाटचाल दर्जाकडून कराराकडे होते, असा सिद्धांत मांडला होता. पुढच्याच वर्षी तो हिंदुस्थान सरकारच्या कार्यकारी मंडळाचा विधिसदस्य म्हणून कलकत्त्यास आला, आणि १८५९ चा कायदा त्या वेळी अंमलात होता. मेनला अभिप्रेत असलेला दर्जा जन्माने येणारा व मनुष्याला बांधून ठेवणारा होता. विसाव्या शतकातील औद्योगिक कायद्याने जो दर्जा निर्माण केला तो वेगळा आहे. तो मनुष्याला बांधत नाही, त्याच्या उपजीविकेभोवती कुंपण घालतो. त्या कुंपणाच्या आत कोणाला घ्यावयाचे, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

इंग्लंडने तो १९७१ साली निराळ्या रीतीने सोडविण्याचा प्रयत्न केला. तेथील कायद्याने करारभंगाहून वेगळी अशी अनुचित बडतर्फीची कल्पना आणली, आणि तिचे संरक्षण व्यवस्थापकालाही, ठरावीक काळ सेवा झालेली असल्यास, दिले. मात्र तेथे प्रत्यक्ष मिळते ती बहुधा भरपाई, नोकरी क्वचितच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या १५८ क्रमांकाच्या संकेतानेही, सबळ कारणावाचून व उत्तर देण्याची संधी दिल्यावाचून नोकरी संपवू नये, हे तत्त्व हुद्द्यावर अवलंबून ठेवलेले नाही. भारताने त्या संकेताला मान्यता दिलेली नाही. भारतीय कायद्याने याउलट थोड्यांना अधिक दिले : जे आत आहेत त्यांना नोकरी परत मिळू शकते, जे बाहेर आहेत त्यांना आपले म्हणणे ऐकले जाण्याचाही हक्क नाही.

नोकरी परत देणे सर्वच बाबतीत शक्य किंवा इष्ट असेल, असे नाही. लहान पेढीत मालक आणि व्यवस्थापक रोज समोरासमोर बसतात. तेथे विश्वास उडाल्यावर हुकुमाने तो परत आणता येणार नाही, हे १८५२ मध्ये जितके खरे होते तितकेच आजही आहे. परंतु नोकरी परत देणे आणि नोटिशीचा पगार देणे, यांच्या दरम्यान पुष्कळ जागा आहे. कारण सांगण्याचे बंधन, उत्तर देण्याची संधी, आणि सेवेचा काळ व पुढील उपजीविकेची हानी लक्षात घेऊन ठरविलेली भरपाई, या गोष्टींना मालक-नोकर संबंधातील व्यक्तिगत विश्वास आड येत नाही. १९०९ साली कलकत्त्याच्या व्यवस्थापकाला जे माप लावले गेले, तेच आजच्या व्यवस्थापकालाही लावले जात आहे. आणि शिक्षकांच्या उदाहरणावरून पाहता, ते बदलणे हे प्रामुख्याने विधिमंडळाचे काम आहे.